अंगणात रानडुकरं आली तर? तुमचे अनुभव लिहा (अनुभव धागा)

केटीची काकू (धागाकर्ती)

"अगं, मागच्या दारी रात्रीतनं नांगर कुणी घातला?"

सासूबाईंनी मला पहाटे साडेपाचला हलवून उठवलं ते हे विचारायला. सांगलीहून येऊन त्यांना चौथाच दिवस, झोपेचं गणित बिघडलेलं, त्यामुळे चारलाच चहा करून बसल्या होत्या. मला वाटलं, अर्धवट झोपेत बोलताहेत. बाहेर जाऊन बघते तो खरंच नांगरलेलं. गवताची चादर घोंगडीसारखी गुंडाळून बाजूला, खाली काळी माती, स्प्रिंकलरची दोन तोंडं उपटून पडलेली. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून डोकावलं, "हॉग्ज" एवढंच म्हणाले आणि कॉफी प्यायला आत गेले.

सासूबाई शेतकऱ्याच्या घरातल्या. खाली बसून त्यांनी माती बोटांनी चाळली आणि माझ्या तळहातावर एक गुबगुबीत पांढरी अळी ठेवली. "हुमणी. हिच्यासाठी आली होती." अकरा वर्षं त्या गवताला पाणी आणि खत घालून मी हुमणी पोसत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

आमचं घर अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटी भागात. मागे ओढा, त्यापलीकडे बार्कर जलाशयाची जमीन. नावाला जलाशय. पूर अडवायला १९४० च्या दशकात घातलेला बांध आहे, एरवी आत कोरडं रान. २०१७ च्या हार्वी वादळात ते तुडुंब भरलं तेव्हा आत राहणारं सगळं गणगोत चढावर आलं, आणि चढावर आम्ही होतो. ही डुकरं मुळात इथली नव्हेतच. १५३९ मध्ये डी सोटो नावाचा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात उतरला तो शिधा म्हणून जिवंत डुकरं घेऊन. पुढे वसाहतवाल्यांच्या गोठ्यातून सुटलेली, मग १९३० च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी आणून सोडलेली युरोपियन रानडुकरं, आणि या सगळ्यांचा संकर. आज एकट्या टेक्सासमध्ये २६ लाखांच्या आसपास असावीत असा अंदाज सांगतात.

सासूबाईंनी उपाय लगेच केला. बॅगेतल्या पाच जुन्या साड्या मागच्या कुंपणाला बांधल्या. "माणसाचा वास येतो, वाऱ्यानं हलतात, बुजतात." आठवड्याभरात वसाहतीच्या समितीची नोटीस आली: कुंपणावर कपडे वाळत घालू नयेत.

तर मंडळी, तुमच्याकडे आलीत का कधी? काय केलंत, काय करायला नको होतं? स्वतःचा अनुभव लिहा. व्हॉट्सॲपवर फिरणारे व्हिडिओ नकोत.

डोंगरउतार

हसून हसून पुरेवाट! साड्यांचं पुढे काय झालं?

केटीची काकू

सांगते नंतर. अजून चालू आहे ते प्रकरण.

बावधनकर

आमची सोसायटी टेकडीच्या कुशीत आहे. टेकडी आधी होती, हे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक सदस्य आठवण करून देतो. दोन वर्षांपूर्वी वॉचमननं पहाटे काढलेला फोटो टाकला: एक मोठी मादी आणि मागे सहा पिल्लं, अंगावर खारीसारखे पट्टे. ग्रुपमध्ये लगेच दोन तट. एक म्हणे गोळ्या घाला. दुसरा म्हणे आपणच त्यांच्या घरात शिरलोय. तिसऱ्या दिवशी भांडण पार्किंगवर गेलं, ते आजवर तिथंच आहे.

त्याआधी आठवडाभर आम्ही चुकीच्या माणसांना फोन करत होतो, कारण सगळे त्याला 'मोकाट डुक्कर' समजत होते. फरक सांगून ठेवतो, उपयोगी पडेल. गावडुकराचं शेपूट वळलेलं, रानडुकराचं सरळ. रानडुकराच्या मानेपासून पाठीवर ताठ केसांची आयाळ असते, तोंड लांबोडकं, पुढचा भाग मागच्यापेक्षा भारी. आणि पिल्लांवर पट्टे दिसले की शंकाच नको. पट्टे काही महिन्यांत जातात. मोकाट डुक्कर ही महापालिकेची बाब, रानडुक्कर वनखात्याची. चुकीच्या ठिकाणी फोन केला की या नंबरवरून त्या नंबरवर असा प्रवास होतो, आणि तोवर डुक्कर टेकडीवर जाऊन झोपलेलं असतं.

ती येत कशाला होती, ते सापडायला तीन आठवडे लागले. मागच्या भिंतीला लागून ओल्या कचऱ्याचा खड्डा, वरचं झाकण मोडलेलं. शिवाय तिसऱ्या मजल्यावरचे एक काका रोज रात्री शिळ्या पोळ्या भिंतीपलीकडे टाकत होते. त्यांच्या मते ते 'मोरांसाठी' होतं. खड्ड्याला लोखंडी झाकण बसवलं, काकांना चहाला बोलावून समजावलं. महिनाभरात येणं थांबलं. गोळ्याही लागल्या नाहीत आणि कुणाला घर सोडून जावंही लागलं नाही.

एक मात्र आम्ही पहिल्या दिवसापासून पाळलं: गर्दी करायची नाही. कोथरुडात डिसेंबर २०२० मध्ये गवा आला होता ते आठवत असेल. माणसं मोबाइल घेऊन मागे धावली, तो भिंतींवर आपटत पळत राहिला आणि पकडल्यानंतर थोड्याच वेळात मेला. आमच्यातले चारपाच जण त्या दिवशी तिथं होते. त्यांना सांगावं लागलं नाही.

पडवी

लॉन उकरलं म्हणून धागा? माफ करा, वाचून आधी हसू आलं आणि मग राग आला.

मी डोंबिवलीत, आईबाबा कणकवली तालुक्यात. वीस गुंठे भात लावतात, दोघांना वर्षाचं पुरेल इतकंच. भात दुधात आलं की डुकरांना कसं कळतं कोण जाणे, आपल्याला कळायच्या आत त्यांना कळतं. खाऊन गेली तर एक वेळ समजू शकतो. ती लोळवून जातात. एका रात्रीत दहाबारा जणांचा कळप शेतात आला की सकाळी तिथं भात होतं हे सांगावं लागतं. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. गणपती गेले की ते रात्रीचे खोपीत. हातात बॅटरी आणि तेलाचा रिकामा डबा. दोन वाजता आवाज झाला की आईला हाक, "डुकरां इली गो, डबो वाजय!" ती घरातून डबा बडवते, ते शेतातून. वाडीत एकूण चौदा घरं, त्यातली नऊ बंद. म्हणजे डब्याला उत्तर देणारा तिसरा डबा नाही.

खरं कारण तेच आहे असं मला वाटतं. 'जंगल तोडलं म्हणून डुकरं गावात आली' हे सगळीकडे वाचतो. आमच्याकडे उलटं झालंय. माणसं मुंबईला गेली, वरकस (डोंगरउतारावरची जमीन) पडीक पडलं, नाचणी-वरी बंद झाली, आणि झाडोरा वाढत वाढत घरामागच्या न्हाणीपर्यंत आला. रान चालत आलं, त्यात डुकरं बसून आली. आम्ही चाकरमानी वर्षातून दोनदा जातो आणि विचारतो, "बाबा, नाचणी का नाही करत?"

अंगणाचं विचारलंत म्हणून सांगतो. मे-जूनमध्ये झाडाखाली पडलेल्या फणसावर येतात. खळ्यात, म्हणजे अंगणातच, तुळशीपासून दहा पावलांवर. रात्री आई बाहेरच्या दिव्याचं बटण दाबते, ती मान वर करून बघतात आणि परत खायला लागतात.

आमच्याकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे, आजोबांपासूनची. हवेत बार काढायला. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. भात उभं, बंदूक पोलीस ठाण्यात जमा. डुकरांना आचारसंहितेचं कुणी कळवलं नव्हतं.

केटीची काकू

@पडवी, राग रास्त आहे. माझं नुकसान तीन पॅलेट गवताचं, ते क्रेडिट कार्डावर भरून निघालं. तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "सोयाबीनला आमच्याकडं हेच." आणि नंतर बराच वेळ गप्प होत्या.

हाँगकाँगवासी

इथं २०२१ साली एक पिल्लू चक्क मेट्रोत शिरलं आणि गाडीत बसून पुढे गेलं. सगळं शहर हसलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका सहायक पोलिसाला डुकरानं चावा घेतला आणि सरकारचं धोरण पालटलं. आधी पकडून नसबंदी करून दूर सोडायचे, आता वस्तीत येणाऱ्यांना पकडून मारतात. खायला घालण्यावर सगळीकडे बंदी आहे आणि ऑगस्ट २०२४ पासून दंड एक लाख हाँगकाँग डॉलरपर्यंत. आमच्या इमारतीखालच्या आजी मात्र अजूनही संध्याकाळी ब्रेडची पिशवी घेऊन निघतात. मी बघून न बघितल्यासारखं करतो. हा माझा अनुभव.

तुरीच्या शेंगा

यवतमाळकडचा आहे. 'पडवी' भाऊंनी लिहिलं ते शंभर टक्के. आमच्याकडं रात्रीच्या राखणीला जागल म्हणतात. तूर, हरभरा, भुईमूग, काही सोडत नाही. भुईमुगाच्या ओळी तर अशा उकरते की माणसालाही इतकं सरळ जमत नाही.

मला दुसरंच सांगायचं आहे. आमच्या शिवारात एकानं कुंपणाच्या तारेत खांबावरून थेट करंट सोडला होता. रात्री सोडायचा, पहाटे काढायचा. एका पहाटे काढायचा राहिला. त्याच्याच चुलतभावाचा मुलगा पाणी द्यायला गेला होता. चोवीस वर्षांचा. डुक्कर त्या तारेत मरायचं राहिलं, पोरगं मेलं. करंट सोडणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला. दोन घरं बसली. हे फक्त आमच्या गावात झालं असं नाही, विदर्भात दर हंगामात कुठं ना कुठं होतं, कधी माणूस, कधी बैल, कधी वाघ.

म्हणून कळकळीनं सांगतो: झटका मशीन आणि करंट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. झटका मशीन सौर बॅटरीवर चालतं, तारेत क्षणभराचा धक्का सोडतं, मग थांबतं, मग पुन्हा सोडतं. जनावर दचकून मागं फिरतं, मरत नाही. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन योजनेतून त्याला अनुदान मिळतं. मी घेतलं. तारेखालचं गवत दर पंधरा दिवसांनी कापावं लागतं, नाहीतर गवत तारेला टेकून झटका जमिनीत जातो, आणि डुकरांना ते दोन दिवसांत कळतं. माझा पहिला हंगाम त्या गवतानं घालवला.

जुन्या साड्या आम्हीही बांधतो. पहिले आठ दिवस काम करतात.

शेजारचा नाम्या

डुकरांना आठ दिवस पुरतात, माणसाला अख्खा संसार. साडीची किंमत कळली.

हैफाची भाची

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी. आईकडचं मूळ रेवदंड्याचं, आईबाबा १९६० च्या दशकात इकडे इस्राएलला आले. माझं मराठी घरातलं आहे, चुका पोटात घाला.

हैफा शहर कार्मेल डोंगराच्या उतारावर वसलंय. वरून खाली समुद्राकडे घळी उतरतात, त्यांना इथं वादी म्हणतात, आणि या घळी वस्त्यांच्या मधून जातात. म्हणजे जंगलाच्या बोटांमध्ये शहर अडकलेलं. डुकरं त्या घळींतून वर येतात, रस्ता ओलांडतात, दुसऱ्या घळीत उतरतात. २०१९ मध्ये पालिकेनं त्यांची शिकार थांबवली. पुढच्या वर्षी करोनाची टाळेबंदी आली, रस्ते ओस पडले, आणि डुकरं भर दुपारी झेब्रा क्रॉसिंगवरून चालायला लागली. माझ्या खिडकीतून मी एकदा अकरा मोजली.

लोक विचारतात, यहुदी देशात डुकरं कशी? अहो, म्हणूनच! आम्ही खात नाही, मुसलमान शेजारी खात नाहीत. त्याच्या मांसाला फारसं गिऱ्हाईकच नाही. असं सुरक्षित शहर त्याला दुसरं कुठलं मिळणार?

माझा प्रसंग मलिद्याचा. मावशीच्या घरी मुलाच्या नोकरीचा नवस फेडायचा होता. एलियाहू हन्नावीचा (आमच्या प्रेषिताचा) मलिदा, म्हणजे गोड पोहे, नारळ, वर फळं. चाळीस माणसं जेवली. उरलेलं सगळं, केळ्याची सालं, खजुराच्या बिया, पोहे, दोन पिशव्यांत बांधून मी खाली डब्याशी ठेवलं, डब्यात नाही, कारण डबा भरला होता. अर्ध्या तासानं पाहुणे निघाले आणि जिन्यातच अडकले. खाली फाटकात कळप मलिदा जेवत होता. वीस मिनिटं कुणी हललं नाही. मावशी वरून मराठीत ओरडत होती, "हड्! हड्!" हिब्रू डुकरांना मराठी कळेना. शेवटी ती आपणहून गेली. मावशी आजही म्हणते की नवसाचं पावलं, कारण मुलाला पुढच्याच महिन्यात नोकरी लागली.

केटीची काकू

@हैफाची भाची, चुका कुठल्या? "जंगलाच्या बोटांमध्ये शहर" हे मी वहीत लिहून ठेवलंय. आणि सासूबाईंना मलिद्याची कृती हवी आहे.

कुळागर

सत्तरी, गोवा. आमच्या कुळागरात (सुपारी-केळीच्या बागेत) केळीचे कंद आणि सुरण उकरून खातात, सुपारीची नवी रोपं नुसतीच उपटून टाकतात. खातही नाहीत. हा निव्वळ खोडसाळपणा आहे असं माझं ठाम मत आहे, शास्त्र काहीही म्हणो.

गोडबोल्या शास्त्र

शास्त्र म्हणतं की ती रोप उपटत नाहीत, रोपाभोवतीची ओली, भुसभुशीत, खत घातलेली माती उपटतात, कारण गांडुळं आणि अळ्या तिथंच असतात. रोप मध्ये आलेलं असतं. केटीच्या लॉनचं आणि सत्तरीच्या सुपारीचं कारण एकच. दुष्काळी वर्षात जिथं जिथं माणसानं माती ओली ठेवलीय, तिथं डुक्कर येणार.

दृष्टी कमजोर, नाक जबरदस्त. गाभणकाळ चार महिन्यांहून थोडा कमी, एका वेताला चार-सहा पिल्लं सहज, आणि टेक्सासमधली मादी तर आठेक महिन्यांची होताच स्वतः गाभण राहण्याजोगी. वाघ-बिबट्या सोडले तर आपल्याकडेही खाणारं फारसं कुणी नाही. माद्या आणि पिल्लं कळपात राहतात, मोठे नर एकटे फिरतात. आवाज आला की कळप बहुधा पळतो. अडचण एकट्या नराची, जखमी जनावराची आणि पिल्लांच्या आईची.

बर्लिनचा बाळू

बर्लिनमधली डुकरं हा पर्यटन विभागाचा विषय व्हायला हवा. ऑगस्ट २०२० मध्ये टॉइफेल्सझे तळ्यावर एक गृहस्थ जन्मजात वेषात ऊन खात पडले होते (इथं चालतं). एक मादी आली आणि त्यांची पिवळी पिशवी घेऊन पळाली. पिशवीत लॅपटॉप. गृहस्थ तसेच मागे धावले. फोटो जगभर गेला. लॅपटॉप मिळाला.

जुलै २०२३ मध्ये शहराच्या दक्षिणेला सिंहीण सुटल्याचा गलका झाला. पोलीस, हेलिकॉप्टर, लोकांना घराबाहेर पडू नका म्हणून सूचना. दीड दिवसानं तज्ज्ञांनी व्हिडिओ बघून सांगितलं, सिंहीण नाही, बहुतेक रानडुक्कर आहे. त्या दिवशी आमच्या मराठी मंडळाची सहल त्याच भागात ठरली होती. रद्द केली. डुकरासाठी रद्द केली असती तर कुणी ऐकलं नसतं.

स्वतःचा अनुभव अगदी किरकोळ आहे. बायकोनं शरदात दोनशे ट्यूलिपचे कंद लावले. वसंतात नऊ उगवले.

टाके

मी कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. वरचं सगळं गमतीनं वाचलं, आता थोडं कामाचं.

रानडुकराची जखम बहुतेक मांडीला किंवा पोटरीला होते. ते डोकं खाली घालून येतं आणि सुळा खालून वर ओढतं. बाहेरून तीन इंचांची चीर दिसते, आत स्नायू फाटलेला असतो. घरी हळद भरून येऊ नका. पहिला अर्धा तास हा असा: वर कापड घट्ट दाबून रक्त थांबवा. चावा किंवा ओरखडा असेल तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. धनुर्वाताचं इंजेक्शन लागतंच. पण रानटी जनावराचा चावा असेल तर रेबीजची लस आणि जखमेत सीरमही लागतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. "कुत्रा थोडाच चावलाय" असं म्हणणारे महिन्याला एक-दोन भेटतात.

आणि वनखात्याला लगेच कळवा, पंचनामा करून घ्या. रानडुकराच्या हल्ल्यातल्या जखमींना शासनाकडून भरपाई मिळते, पण कागद नसेल तर काही मिळत नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांत शेतात हल्ला झालेले कमी आणि दुचाकीवरून येणारे जास्त. रात्रीचा घाट, एक डुक्कर रस्ता ओलांडतं, माणूस सुटकेचा श्वास टाकून गाडी दामटतो, आणि मागचं दुसरं येऊन धडकतं. एक गेलं की थांबा. मागे कळप असतो.

फुटका बार

डॉक्टर, गावठी बाँबबद्दलही लिहा ना. आमच्या वाडीत शिकाऱ्यांनी डुकरासाठी पिठाच्या गोळ्यात घालून ठेवलेला बाँब आमच्या कुत्र्यानं खाल्ला. जबडा उडाला. राजा नाव होतं. दोन दिवस जगला. अजून लिहिता येत नाही.

टाके

@फुटका बार, वाचून वाईट वाटलं. असा गोळा दिसला तर हात लावू नका, उचलून फेकूही नका. गुरं-कुत्री दूर बांधा आणि पोलिसांना बोलवा. गुरांचेही जबडे असेच जातात.

नियमावली

थोडक्यात कायदा, कारण वर कुणीतरी 'गोळ्या घाला' लिहिलंय. भारतात रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. परवानगीशिवाय मारणं, फासे लावणं, मांस जवळ बाळगणं, सगळा गुन्हा. पिकाचं किंवा जिवाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी कलम ११ खाली वनअधिकारी देऊ शकतात, लेखी. बंदुकीचा परवाना म्हणजे डुकराचा परवाना नव्हे. केरळनं २०२२ मध्ये असा आदेश द्यायचा अधिकार पंचायत अध्यक्षांकडे दिला. महाराष्ट्रात वस्तीत जनावर दिसलं तर १९२६ हा वनखात्याचा मोफत क्रमांक आहे.

पडवी

परवानगीचा कागद येईपर्यंत भाताचे पोहे होतात हो. पण माहितीबद्दल आभार.

सेडोनाची सून

आमच्याकडे ॲरिझोनात हावेलिना असतात. लोक डुक्कर म्हणतात, पण ते डुकराच्या कुळातलं नव्हेच, पेकरी नावाचं वेगळंच कूळ. २०२३ च्या शरदात त्यांनी इथल्या एका गोल्फ मैदानाचा हिरवा गालिचा उधळला. कारण पुन्हा तेच, ओल्या गवताखालच्या अळ्या. काकूंच्या सासूबाईंना इकडं सल्लागार म्हणून पाठवा.

डोंगरउतार

काकू, साड्या! धागा संपत आला.

केटीची काकू

सांगते.

नोटीस आल्यावर मी साड्या काढायला निघाले तर सासूबाई म्हणाल्या, आठ दिवस राहू दे. म्हणून समितीला लिहिलं की ही पारंपरिक वन्यजीव-प्रतिबंधक व्यवस्था आहे. त्यांनी चक्क पंधरा दिवसांची मुदत दिली. तोवर समितीनं पिंजरेवाला बोलावला. वस्तीत गोळी झाडायला बंदी, त्यामुळे पिंजराच. (वस्तीबाहेर काय वाटेल ते चालतं. टेक्सासमध्ये २०११ पासून हेलिकॉप्टरमधून आणि २०१७ पासून गरम हवेच्या फुग्यातूनही डुकरं मारता येतात. फुग्यातून! हे सासूबाईंना सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच कायदा केलाय.)

पिंजरा म्हणजे ओढ्याच्या काठी खोलीएवढं गोल लोखंडी कुंपण. आत मका, वर कॅमेरा. फाटक पिंजरेवाल्याच्या फोनवरून पडतं. दोनचार आत आली म्हणून पाडायचं नाही, अख्खा कळप आत येईपर्यंत थांबायचं. चार पकडली आणि सहा बाहेर राहिली तर ती सहा पुन्हा आयुष्यात पिंजऱ्याजवळ येत नाहीत. म्हणून तो रोज रात्री मका टाकून नुसता बघत बसायचा. बारा रात्री. सासूबाईंना ही चिकाटी फार आवडली. त्यांनी त्याला शंकरपाळे पाठवले.

मी सुरुवातीला हे गंमत म्हणूनच लिहिलं होतं. पण पिंजरेवाल्यानंच आठवण करून दिली की २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या पूर्वेला चेंबर्स काउंटीत डुकरांच्या हल्ल्यात एका बाईंचा जीव गेला होता. त्या दिवसापासून पहाटे चारला चहा करताना सासूबाई मागचं दार उघडत नाहीत.

पडवी

आईला धागा वाचून दाखवला फोनवर. ती विचारते, अमेरिकेतल्या बाईंच्या साड्यांचा उपयोग झाला काय? तिनं परवा तिच्या तीन बांधल्या आहेत बांधावर. भात पोसवलंय.

केटीची काकू

आईंना माझा नमस्कार सांगा. सात रात्री झाला. आठव्या रात्रीचा व्हिडिओ पिंजरेवाल्यानं काल मला पाठवला. पुढे मादी, मागे एका ओळीत पिल्लं, ओढ्याकडे निवांत चाललीत, आणि शेवटच्या पिल्लाच्या पायात अडकून मागे फरफटत जातेय ती सासूबाईंची इरकली. लाल काठाची.

त्यांना अजून सांगितलेलं नाही. कुंपणावर त्या रोज चारच मोजतात आणि म्हणतात, पाचवी समितीनं नेली.